गोठलेल्या तळ्यावर ठरलेला दर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कंपनीच्या संचालक मेर्वी रिस्सानेन. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आमचे सर्वांत मोठे ग्राहक, लाकूडगिरणीचे मालक एन्सिओ पिरिनेन. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती ताइस्तो काउहानेन. त्यांना आजवर सांभाळून घेणाऱ्या इर्माताई. हे सभागृह एका संध्याकाळपुरतं आपल्या हवाली करणारे स्वयंसेवक अग्निशमन दलाचे सभासद. आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या, पुढच्या चार रांगा पूर्ण रिकाम्या ठेवणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

पुढे कोणी येणार आहे का?

नाही. हरकत नाही. मी मोठ्याने बोलते.

मी पिन्या लात्वाला. तीन वर्षं ताइस्तोंच्या हाताखाली काम केलं आणि सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत बसणार आहे. ताइस्तो आमच्या कंपनीत इतकी वर्षं एकच काम करत आले. आमचे प्रोग्रॅमर ज्या ग्राहकाकडे काम करतात, त्या ग्राहकाला त्यांच्या एका तासाचा दर सांगायचा, हे ते काम. 'सांगायचा' हा शब्द माझ्या तोंडून सवयीने गेला. ताइस्तोंनी दर आजतागायत कोणालाही सांगितलेला नाही.

मेर्वींनी मला आज दोन कामं दिली आहेत. पहिलं, ताइस्तोंबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. ते सोपं आहे. दुसरं अवघड आहे, आणि ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लपवत नाही. पिरिनेनांच्या गिरणीशी आमचा करार आज रात्री संपतो. नवा करार त्या टेबलावर, कोळंबी लावलेल्या सॅन्डविच-केकच्या ताटाशेजारी ठेवला आहे. त्यात सगळं छापलेलं आहे. फक्त तासाच्या दराची जागा कोरी आहे. दर मार्च महिन्यातच ठरला, असं ताइस्तो म्हणतात. दर ठरला, असं पिरिनेनही म्हणतात. किती ठरला, हे दोघंही सांगत नाहीत. आज सही झाली नाही, तर आमचे सहा जण सोमवारी गिरणीत जाण्याऐवजी घरी बसतील. कॉफी संपायच्या आत तो आकडा मला काढायचा आहे.

ताइस्तो, तुम्ही हसताय. ठीक आहे. मला वेळ आहे.

मी इथली नाही, हे माझ्या बोलण्यावरून तुम्हाला कळलंच असेल. मी पश्चिम किनाऱ्याकडच्या पोह्यानमा प्रांतातल्या सपाट शेतांमधली. तिथे माणूस यायचा असला की अर्ध्या कोसावरून दिसतो, आणि तो बोलतोही तसाच, मध्ये झाड ना आडोसा. तुमच्या सावो प्रांतात तळीच तळी. शेजाऱ्याच्या घरी जायचं तरी दोन तळ्यांना वळसा घालावा लागतो. मग बोलणं तेवढं सरळ कसं जाईल? आमच्याकडे तुमच्याबद्दल म्हणतातच, की सावोचा माणूस बोलू लागला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. मला वाटायचं, ही थट्टा आहे. इथे आल्यावर कळलं की ही वापराची सूचना आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात, आई लोकांचे केस कापते. दोघांच्याही दुकानात दर भिंतीवर लिहिलेला असतो. तशी मी वाढले आणि तसाच माझा प्रबंध झाला. विषय होता, तासावर विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाचा दर कसा ठरवावा. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'दर म्हणजे वचन.' ते मला आजही पटतं. हसू नका.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आईला फोनवर सांगितलं, की आमच्या माणसाचा एक तास पंच्याऐंशी युरोंना जातो. तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "पिन्या, एवढ्यात तो भांडीपण घासून देतो का ग?"

तो आकडा मला कळला, कारण आदल्याच दिवशी ताइस्तोंना मी पहिल्यांदा दर 'सांगताना' ऐकलं होतं. बेकरीच्या मालकाचा फोन होता. त्यांना पावांच्या ऑर्डरी घेणारा नवा प्रोग्रॅम हवा होता. ताइस्तोंनी मला शिकता यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"ताइस्तो, तुमचा तासाचा दर काय?"

"दर आहे."

"किती आहे?"

"काहींना जास्त वाटतो."

"आणि बाकीच्यांना?"

"ते फोन करत नाहीत. त्यांचं काम चालू असतं."

"म्हणजे सत्तरच्या आसपास का?"

"सत्तर आकडा वाईट नाही."

"ऐंशी?"

"ऐंशी त्याहून बरा."

"हे बघा ताइस्तो, पंच्याऐंशीच्या वर एक सेंट देणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मी तुम्हाला काही म्हणालो का?"

आणि फोन ठेवला. पंच्याऐंशी झाले. मी विचारलं, "आपला दर मुळात किती होता?" ताइस्तो खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो आता पंच्याऐंशी आहे."

सज्जनहो, मला त्या रात्री झोप लागली नाही. ही फसवणूक आहे का? मी बरीच तपासणी केली. खोटं काहीच नव्हतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एकही वाक्य पुरेसं नव्हतं.

मग मी ठरवलं की हे बदलायचं. मी एक दरपत्रक तयार केलं. नवशिक्या प्रोग्रॅमरचा तास एवढा, जुन्या जाणत्याचा एवढा, शनिवार-रविवारी धावत बोलावलं तर एवढा, वर्षभराचं काम दिलं तर एवढी सूट. बैठकीच्या तासाचा दर मी सर्वांत जास्त ठेवला होता, म्हणजे बैठका लवकर संपतील. हे मला अजूनही योग्य वाटतं, मेर्वी. ताइस्तोंना विचारलं, "हे सगळ्या ग्राहकांना पाठवू का?" ते म्हणाले, "पाठवणारे पाठवतात." पोह्यानमात याचा अर्थ 'हो' होतो. मी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन बेकरीचा. "ताइस्तो जिवंत आहे ना?"

दुसरा फोन तळ्यातल्या बोटींच्या कंपनीचा. "तुमची कंपनी विकली का? आम्हाला आकडा आलाय. सरळ. कागदावर."

बोटींच्या कंपनीच्या म्हाताऱ्या मालकांनी तर उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी इर्माताईंच्या घरी पांढरी फुलं पाठवली, सांत्वनाच्या कार्डासह. त्या वेळी ताइस्तो मागच्या अंगणात सॉनासाठी लाकडं फोडत होते. इर्माताई, तुम्ही ती फुलं काय केलीत? बरोबर. फुलदाणीत ठेवली. फुलं आहेत म्हटल्यावर टाकायची कशाला.

आणि दुपारी हे पिरिनेन, आमचे आजचे प्रमुख पाहुणे, स्वतः गाडी चालवत आले. हातात मासे भरलेला पाव, कापडात गुंडाळलेला. दुखवट्याच्या घरी नेतात तसा. दारातच टोपी काढून मला विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. दरपत्रक पाठवलंय."

ते म्हणाले, "ते मिळालं. म्हणून तर विचारतोय."

म्हणजे सावोमध्ये कोणी तुम्हाला सरळ उत्तर दिलं, तर एकतर घरात कोणी गेलेलं असतं किंवा घर तरी गेलेलं असतं. हे मला विद्यापीठात कोणी शिकवलं नव्हतं. मग ताइस्तोंनी एकेका ग्राहकाला फोन केला. प्रत्येकाला एकच वाक्य. "मुलगी पोह्यानमाची आहे." पलीकडून प्रत्येक वेळी मोठा सुस्कारा. "अच्छा, अच्छा. मग ठीक आहे."

दरपत्रक मागे घेतलं. पाव मात्र आम्ही खाल्ला.

आता कोणी म्हणेल, ताइस्तोंची तऱ्हा ही नुसती गंमत आहे. मी तीन वर्षं शेजारी बसले आहे, मला तसं म्हणता येत नाही. आमच्या धंद्यात एक जुनी अडचण आहे. मागे बसलेला तो क्यॉस्ती तीन तासांचं काम एका तासात करतो. तासाने पैसे घेतले, की त्याच्या हुशारीचा दंड आपल्यालाच पडतो. माझ्या प्रबंधात यावर अख्खं प्रकरण आहे. ताइस्तोंनी ते वाचलं नाही. ते ग्राहकाला म्हणायचे, "क्यॉस्ती आहे तसा. पण त्याला फार वेळ ठेवून घेता येत नाही, काम संपतं." पलीकडचा माणूस थोडा विचार करायचा आणि आपणहून दीडपट बोलायचा. माझं प्रकरण तेवीस पानांचं होतं.

आणि दुसरंही सांगितलं पाहिजे. एकदा आमच्या माणसांच्याच चुकीमुळे गिरणीचा प्रोग्रॅम ओंडके आडवे कापायला लागला. ते निस्तरण्यात एक आठवडा गेला. मी विचारलं, "या आठवड्याचे तास किती लावू?" ताइस्तो म्हणाले, "त्या आठवड्यात आपली घड्याळं बंद होती." एक तासही लावला नाही. पिरिनेनांनीही कधी त्याचा उल्लेख केला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दोन माणसं जास्त मागितली. या दोघांमध्ये तेवढंच बोलणं झालं, म्हणजे झालंच नाही.

इर्माताई म्हणतात, घरीही असंच. ताइस्तोंनी लग्नाची मागणी कशी घातली, ते मघाशी त्यांनीच मला कॉफी ओतता ओतता सांगितली. ताइस्तो म्हणाले होते, "काही लोक दोघं मिळून एक बोट घेतात." या म्हणाल्या, "घेतात म्हणे." आपलं लग्न ठरलंय, हे इर्माताईंना नंतर पाद्र्यांकडून कळलं.

एप्रिलमध्ये मेर्वींनी मला ही जागा देऊ केली. मी घाबरले. ताइस्तोंना विचारलं, "मला जमेल का?" ते म्हणाले, "जमलं नाही तर आपल्याला कळेलच." मी घरी जाऊन हे वाक्य सगळ्या बाजूंनी तपासलं. वडिलांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत विचार. या वेळी हो-नाही विचार." त्यांना काय सांगणार, या गावात दोन्ही शब्द मिळत नाहीत.

तर मार्च. तळं अजून गोठलेलं होतं. ताइस्तो आणि पिरिनेन बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. ताइस्तो सोमवारी कचेरीत आले आणि मेर्वींना म्हणाले, "गिरणीचं झालं." मेर्वींनी विचारलं, "किती?" उत्तर आलं, "एन्सिओला माहीत आहे." मेर्वींनी गिरणीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "ताइस्तोला माहीत आहे." दोन महिने हेच चाललं आहे. मी कागदावर आकडे लिहून एकेकावर बोट ठेवत गेले; म्हटलं, योग्य आकडा आला की नुसती मान हलवा. ताइस्तोंची मान प्रत्येक आकड्याला हलली. थोडी थोडी.

म्हणून आज सर्वांसमक्ष, माझ्या गावच्या पद्धतीने विचारते. ताइस्तो, गिरणीसाठी तासाचा दर किती ठरला?

ते म्हणताहेत, "केक छान दिसतोय."

पिरिनेनसाहेब, तुम्ही सांगता का?

"पाहुण्याने यजमानाच्या आधी बोलू नये."

बरं. मेर्वी, घड्याळाकडे बघू नका. या तासाचे पैसे आपल्याला कोणी देणार नाही.

मंडळी, तीन वर्षं मी सरळ विचारत आले आणि तीन वर्षं मला केकबद्दल ऐकावं लागलं. तेव्हा आता विचारत नाही. सोमवारी बिलं मीच करणार, एवढं तुम्हाला माहीत असू द्या. कोणी अठ्ठ्याण्णव लिहील. कोणी म्हणेल शंभर, गोल आकडा लिहायला सोपा. मी नवीन आहे. नवीन माणसाचा हात कुठे जाईल, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. लिहिणारे लिहितात.

बघू.

मी जरा कॉफी घेते.

काय म्हणालात, पिरिनेनसाहेब? माईकजवळ या. मागच्यांना ऐकू आलं नाही. पुढे तर कोणी बसलेलंच नाही.

ते म्हणताहेत, "ब्याण्णव. ब्याण्णव ठरलं होतं. शंभर कसले आणलेस, मुली."

ब्याण्णव. मेर्वी, ऐकलंत ना? क्यॉस्ती, उभा राहू नकोस, अजून सही व्हायची आहे.

आणि ताइस्तो, तुम्ही आता काय पुटपुटलात? परत बोला. "मला वाटलं होतं, अठ्ठ्याऐंशी."

थांबा. एक मिनिट. दोघांनी एकदम बोलू नका, तुम्हाला त्याची सवय नाही. तळ्यावर नक्की काय बोलणं झालं? पिरिनेनसाहेब?

ते म्हणताहेत, "मी म्हणालो, यंदा बर्फ जाड आहे. ताइस्तो म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा जाड आहे. म्हणजे दर वाढवायचा, हे ठरलं. किती, ते माझं मी समजलो."

आणि तुम्ही, ताइस्तो? "मीपण माझं मी समजलो."

म्हणजे आकडा कोणी उच्चारलाच नव्हता. आम्ही दोन महिने या दोघांकडून जे काढायचा प्रयत्न करत होतो, ते यांच्याकडे नव्हतंच.

आता माझी पंचाईत. टाळ्या नकोत, मला आधी हे बोलू द्या. मी प्रबंधात लिहिलं आहे की दर म्हणजे वचन, आणि वचन दोन्ही बाजूंनी सारखं असावं. आमच्या माणसाच्या मनात अठ्ठ्याऐंशी होते. मग चार युरो जास्त घेणं मला बरोबर वाटत नाही. पिरिनेनसाहेब, मी करारात अठ्ठ्याऐंशी लिहिते.

अहो, तुम्ही चिडू नका. काय म्हणताय? "सगळ्या कुओपिओ गावासमोर ब्याण्णव बोललो. आता अठ्ठ्याऐंशी दिले तर उद्या बाजारात म्हणतील, पिरिनेनची गिरणी बुडाली. परत कोणीतरी फुलं पाठवेल. लिही मुकाट्याने ब्याण्णव."

लिहिते. हे बघा, सर्वांसमक्ष लिहिते. मेर्वी, इथे तुमची सही. पिरिनेनसाहेब, इथे तुमची. ताट जरा सरकवा, कोळंबी पडतेय करारावर. झालं. तुम्ही सहा जण सोमवारी गिरणीत जा.

तीन लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुओपिओत याला दंगल म्हणतात. आभारी आहे.

आणि मी अजूनही म्हणते, दर स्पष्ट बोलावा. आज तो स्पष्ट बोलला गेला. फक्त बोलला तो ग्राहक.

ताइस्तो, शेवटचं एक. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, परत विचार. मला जमेल का?

केककडे बघू नका.

...

मंडळी, मागच्यांना ऐकू गेलं नसेल तर सांगते. ते म्हणाले, "जमेल."

नुसतं 'जमेल'. मागेपुढे काही नाही. 'कदाचित' नाही, 'असं म्हणतात' नाही. मला जरा पाणी द्या कोणीतरी.

इर्माताई, तुम्ही उभ्या का राहिलात? बोला, बोला. माईक घ्या. त्या म्हणताहेत, "आज हा सरळ उत्तर देतोच आहे तर मीही विचारून घेते. ताइस्तो, माझ्याबरोबर आयुष्य बरं गेलं का रे?"

आणि ताइस्तो म्हणताहेत, "काहींचं याहून वाईट गेलंय."

संपलं. आजचा सरळ शब्द माझ्यावर खर्च झाला, इर्माताई, मला माफ करा. पण तुम्ही लाजताय, म्हणजे तुम्हाला जे कळायचं ते कळलेलं दिसतं. मला अजून शिकायचं आहे.

मेर्वींनी मला बोलायला उभं केलं, पिरिनेनसाहेब साठ किलोमीटर गाडी चालवत आले आणि या वेळी टोपी डोक्यावर ठेवून आले, अग्निशमन दलाच्या मंडळींनी कॉफीचं भांडं एकदाही रिकामं होऊ दिलं नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी भिंत न सोडता का होईना, शेवटपर्यंत ऐकलंत. सर्वांची मी ऋणी आहे. ताइस्तो, तुमची मी किती ऋणी आहे, ते विचारू नका. काहींना तो आकडा जास्त वाटेल.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून एखादी गोष्ट सरळ बोलली गेली असेल, तर ती मोठ्या मनाने पोटात घाला. मुलगी पोह्यानमाची आहे.

केक कापायला हरकत नसावी, असं काही लोक म्हणतात.